चपळ आणि चंचल

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



राज्यात २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली, तेव्हापासून प्राथमिक शिक्षकाला प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद लिहावी लागते. गुणांचा आकडा मांडून मोकळे होण्याची जुनी सोय पुरेशी राहिली नाही. शब्द योजावा लागतो. वर्गात मुले पुष्कळ, वेळ थोडा, आणि हाताशी असलेले शब्द त्याहून थोडे. त्या थोड्या शब्दांत दोन शब्द नेहमी शेजारी राहतात. एक 'चपळ' आणि दुसरा 'चंचल'. पहिला शारीरिक शिक्षणाच्या नोंदीत पडतो, दुसरा अभ्यासाच्या. गमतीचा भाग असा की, पुष्कळदा ते दोन्ही एकाच मुलाला लागलेले असतात. मैदानावर जो चपळ, तोच चार भिंतींच्या आत चंचल. हा फरक मुलात पडतो की लिहिणाऱ्याच्या शब्दात, हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. कारण एका शब्दाने मुलाचे कौतुक होते आणि दुसऱ्याने त्याच्यावर ठपका येतो, आणि तो ठपका पुढच्या इयत्तेच्या शिक्षकाच्या हाती मुलाच्या आधी जाऊन पोहोचतो.

शब्दाचा निवाडा करावयाचा तर त्याचे मूळ पाहावे लागते, आणि त्याआधी शब्द ज्या वस्तूला लागतो ती वस्तू पाहावी लागते. त्यासाठी दूर जावयास नको. आषाढी वारीत श्रीसंत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून काटेवाडीस येते. तेथे परीट समाजाचे लोक वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि मग मेंढ्यांचे रिंगण होते. धनगर बांधव आपले कळप आणतात व मेंढ्या पालखीच्या रथाभोवती धावतात. पुढे इंदापूर तालुक्यात बेलवाडीस गोल रिंगण होते, आणखी पुढे इंदापुरास होते. पताकाधारी धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या स्त्रिया धावतात, विणेकरी व मृदंगवादक धावतात आणि शेवटी अश्व सुटतात. अश्व दौडत गेला की लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात.

अश्वाचा वेग डोळ्यांत भरतो; तो न दिसणारा माणूस विरळा. मेंढ्यांच्या रिंगणात मात्र पाहण्याची गोष्ट निराळी असते. मेंढी काही वेगवान प्राणी नव्हे. शिवाय सभोवार हजारो माणसे, टाळमृदंगाचा गजर, मध्ये रथ. अशा ठिकाणी कळप बुजला तर वाट फुटेल तिकडे पांगावयाचा. तो पांगत नाही, कारण त्याच्या बाजूने धावणारा मेंढका पुढच्या मेंढीची मान वळण्याआधी अर्धे पाऊल आडवे टाकतो, हात वर करतो, तोंडाने आवाज काढतो आणि पुन्हा मागे सरतो. तो फार जोरात धावत नाही. जेथे जेव्हा असावयास हवे तेथे तेव्हा असतो, इतकेच. बेलवाडीस जे दिसते तो वेग होय. काटेवाडीस मेंढक्याच्या अंगी जी दिसते ती चपळाई होय. पुढील सर्व विवेचनात हे चित्र डोळ्यांसमोर ठेवणे उपयोगी पडेल.

'चपळ' हा शब्द संस्कृत 'चपल' यापासून आला आहे. दोन स्वरांमध्ये सापडलेल्या 'ल'चा मराठीत 'ळ' होणे ही नित्याची गोष्ट आहे. कमलचे कमळ, फलचे फळ, बालचे बाळ, सकलचा सगळा, तसा चपलचा चपळ. त्याला मराठीचा 'आई' हा प्रत्यय लागून चपळाई झाली. महाग-महागाई, चतुर-चतुराई, नवल-नवलाई ही तिची भावंडे. चापल्य आणि चपलता हे शब्द मात्र संस्कृतातून जसेच्या तसे उचललेले असल्यामुळे त्यांतला 'ल' तसाच राहिला. शाळेत मुले हमखास विचारतात की, पायातल्या 'चपला' या 'चपल'च्याच का. त्यांचा काही संबंध नाही. ते चप्पल या शब्दाचे अनेकवचन असून त्याचे नाते दक्षिणेकडील तेलुगू 'चेप्पु', तमिळ 'चेरुप्पु' या शब्दांशी जोडले जाते. प्रश्न चांगला आहे. विचारणाऱ्याला हसू नये.

येथवर सरळ आहे. पण संस्कृत 'चपल'चे मूळ शोधू गेले की गंमत सुरू होते. उणादि सूत्रे रचणाऱ्या प्राचीन वैयाकरणांनी हा शब्द 'चुप्' या धातूपासून साधला, आणि धातुपाठात चुप् धातूचा अर्थ दिला आहे तो मंद गती! ज्या शब्दाचा अर्थ त्वरा, त्याचे मूळ संथपणात. मोनियर-विल्यम्स यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशात 'कंप्' म्हणजे थरथरणे या धातूकडे बोट दाखवलेले आहे आणि शब्दाचे अर्थही त्याच क्रमाने लावले आहेत: आधी इकडून तिकडे हलणारा, कापणारा, अस्थिर, मग लहरी, मग अविचारी, आणि पुष्कळ नंतर त्वरित. हा क्रम ध्यानात धरण्याजोगा आहे. आज मराठी माणसाला 'चपळ' म्हणताच जो अर्थ प्रथम सुचतो, तो त्या यादीत मागच्या बाकावर बसलेला आहे.

संस्कृत वाङ्मयात याची साक्ष जागोजागी मिळते. अमरकोशात शीघ्र, त्वरित, सत्वर यांच्या पंक्तीत चपल येतो हे खरे. पण त्याच कोशात विजेला चपला म्हटले आहे आणि पाऱ्याला चपल. लक्ष्मीलाही चपला म्हणण्याचा कवींचा प्रघात आहे. वीज, पारा आणि पैसा या तिहींत समान काय, तर ती मुठीत राहत नाहीत. कालिदास रघुवंशाच्या आरंभी आपल्या ग्रंथरचनेच्या धाडसाला विनयाने 'चापल' म्हणतो. तेथे अर्थ अविचार असाच आहे. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची लक्षणे सांगताना 'अचापल' हा एक सद्गुण म्हणून मोजला आहे. आणि मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात स्नातकाने कसे वागू नये हे सांगताना 'पाणिपादचपल' असू नये, 'नेत्रचपल' असू नये असा दंडक आहे. पाणि म्हणजे हात, पाद म्हणजे पाय. हातपाय हलवू नकोस, इकडेतिकडे पाहू नकोस! वर्गात दिवसातून दहा वेळा उच्चारले जाणारे हे वाक्य किती जुने आहे, हे यावरून दिसून येईल.

म्हणजे संस्कृतात ज्याचे हातपाय चपल, तो दोषी. मराठीत ज्याचे हातपाय चपळ, तो गुणी. शब्द तोच, अवयव तेच, निकाल मात्र उलटा. हा पालट कसा घडला? मराठीने एक काम केले, ते असे की दोष आणि गुण यांची वाटणी केली. मनाच्या अस्थिरतेसाठी तिने 'चंचल' हा शब्द राखून ठेवला (जुन्या मराठीत तो 'चंचळ' असाही येतो) आणि 'चपळ' मुख्यत्वे शरीराला दिला. ज्या प्रदेशात डोंगरदऱ्यांतून वाट काढावी लागे, थोड्या घोडदळानिशी मोठ्या सैन्याला चकवावे लागे आणि पावसाच्या दोन सरींमध्ये पेरणी उरकावी लागे, त्या प्रदेशाच्या भाषेत हातापायांच्या त्वरेला दोष म्हणणे फार काळ टिकले नसते, असे मानावयास जागा आहे.

येथे बारामतीकरांनी एका ग्रामस्थाचे स्मरण करावयास हवे. मोरोपंतांचा जन्म १७२९ चा, पन्हाळगडचा; पण बाबूजी नाइकांच्या आश्रयाने त्यांचे आयुष्य गेले ते कऱ्हेकाठच्या या बारामतीत, आणि १७९४ मध्ये ते येथेच निवर्तले. आर्या म्हटली की मोरोपंत, असे समीकरण मराठीत बसलेले आहे. सबंध महाभारत त्यांनी आर्येत उतरवले. आता छंदःशास्त्रात आर्येचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत पथ्या आहे, विपुला आहे आणि तिसरीचे नावच 'चपला' आहे. आर्येच्या अर्ध्या भागातील दुसरा आणि चौथा गण लघु-गुरु-लघु असा, म्हणजे मध्ये जड व दोहों बाजूंस हलका, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे गुरू अक्षरे, अशी रचना साधली की ती चपला. पूर्वार्धातच साधली तर मुखचपला, उत्तरार्धातच साधली तर जघनचपला. मोरोपंतांची बहुतेक आर्या ही शास्त्राप्रमाणे 'गीति' ठरते, हा भाग वेगळा. पण शास्त्रकारांनी या चालीला चपला हे नाव का दिले असेल, ते मोठ्याने म्हणून पाहिल्यावाचून कळावयाचे नाही. तिच्यात मात्रा वाढत नाहीत, की कमी होत नाहीत. एकूण माप तेच राहते. फक्त वजन कोठे टाकावयाचे ते पालटते. चपळाईचे याहून नेमके वर्णन करणे कठीण आहे. मेंढकाही दुसरे काही करीत नाही.

'चपळ'च्या उलट प्रवास केलेला एक शब्द मराठीच्या घरातच आहे. फारसीत 'चालाक' म्हणजे अंगाने चटपटीत, हालचालीत तरबेज. तो मराठीत 'चलाख' होऊन आला. आला तेव्हा सरळ होता. पुढे हळूहळू हातावरून डोक्याकडे सरकला, आणि 'हातचलाखी' या शब्दात तर त्याने उघडच फसवणुकीशी संगनमत केले. हिंदीत तो आणखी घसरला आहे. एक शब्द दोष म्हणून निघाला आणि गुण म्हणून स्थिरावला. दुसरा गुण म्हणून निघाला आणि संशयास्पद झाला. नोंदवहीत 'चलाख' लिहिताना शिक्षकाने यास्तव दोनदा विचार करावा. वाचणारा पालक बीडकडचा असेल, सोलापूरकडचा असेल, घरी हिंदी बोलणारा असेल. त्याला तो शब्द कसा लागेल याचा नेम नाही.

इंग्रजीच्या तासाला 'ॲजाइल' आणि 'ॲजिलिटी' हे शब्द येतात व त्यांचा अर्थ फळ्यावर 'चपळ' आणि 'चपळाई' असा लिहिला जातो. अर्थ बरोबर आहे. कुळ मात्र निराळे. हे शब्द लॅटिन 'आगिलिस' यापासून आले आणि तो 'आगेरे' या क्रियापदापासून. आगेरे म्हणजे हाकणे, चालवणे, आणि त्यावरून करणे. जे सहज हाकता येते, सहज चालते, ते आगिलिस. या लॅटिन क्रियापदाचा सख्खा भाऊ संस्कृतात आहे. तो म्हणजे 'अज्' हा धातू. धातुपाठात त्याचे अर्थ गती आणि क्षेपण असे दिले आहेत, आणि वेदात तो गुरे हाकण्याच्या अर्थी येतो. बैलाला टोचावयाच्या पराणीला संस्कृतात 'प्राजन' म्हणतात, ते याच धातूपासून. शर्यतीला किंवा लढाईला वैदिक भाषेत 'आजि' म्हणतात, तेही यापासून. लॅटिनमध्ये शेताला 'आगेर' म्हणतात आणि संस्कृतात मोकळ्या रानाला 'अज्र'; त्या लॅटिन शब्दापासून इंग्रजी 'ॲग्रिकल्चर' निघाला. तेव्हा जो शब्द परका म्हणून पाठ करून घेतला जातो, त्याच्या मुळाशी गुरे, पराणी आणि रान ही तीनही उभी आहेत.

याच अज् धातूवरून पतंजलीच्या महाभाष्यात एक संवाद आला आहे. तो प्रत्येक भाषाशिक्षकाला ठाऊक असावा. एक वैयाकरण रथ पाहून विचारतो, या रथाचा 'प्रवेता' कोण? म्हणजे हाकणारा कोण? सारथी म्हणतो, महाराज, मी याचा 'प्राजिता'. वैयाकरण लगेच म्हणतो, हा अपशब्द झाला. कारण पाणिनीच्या नियमाप्रमाणे अज् धातूच्या जागी येथे दुसरा धातू यावयास हवा. त्यावर तो सारथी शांतपणे उत्तर देतो की, आपणांस नियम लागू कोठे होतो ते ठाऊक आहे, पण लोकांना काय इष्ट आहे ते ठाऊक नाही. हे रूप चालते. पंडित चिडतो आणि 'या दुरुताने छळले' असे म्हणतो. आपण सूताची निंदा केली, असे त्याला वाटते. सारथी तेथेही त्याला सुधारतो. 'सूत' शब्द विणण्याच्या धातूपासून आलेला नाही, निंदाच करावयाची तर 'दुःसूत' म्हणावे, असे तो सांगतो. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या प्रकांड वैयाकरणाने ही गोष्ट आपल्या ग्रंथात नोंदवली आणि बाजू घेतली ती सारथ्याची. जो रोज हाकतो, त्याच्या तोंडचा हाकण्याचा शब्द प्रमाण.

वर्गातल्या बाकांवर असे सारथी बसलेले आहेत. दर वर्षी गळिताचा हंगाम सुरू झाला की माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडीची कुटुंबे येऊन उतरतात आणि त्यांची मुले जवळच्या शाळेत काही महिने येतात. मेंढपाळांची मुले तर कधी या गावी, कधी त्या गावी. त्यांचे बोल पुस्तकातले नसतात. कोयत्याचा घाव उसाच्या अगदी बुडाशी घालणे, पाचट सोलणे, शेंड्याचे वाढे छाटणे, मोळी बांधणे. यांतल्या प्रत्येक हालचालीला त्या घरांत स्वतःचा शब्द असतो, आणि ती हालचाल झटकन होते की रेंगाळते यालाही असतो. 'कुशल' हा शब्ददेखील कुश नावाचे धारदार गवत हात न कापता तोडून आणणाऱ्यावरून आला, अशी परंपरागत व्युत्पत्ती आहे. ती खरी धरली, तर उसाच्या फडात कुशल माणसांची वाण नाही.

आता उपयोगाचा विचार. 'चपळ' हे विशेषण लिंगवचनाने बदलत नाही: चपळ मुलगा, चपळ मुलगी, चपळ पाडसे. सजीवाला ते शोभते, यंत्राला शोभत नाही. आगगाडी वेगवान असते, चपळ नसते. खिलार बैलाला चपळ म्हणता येते, म्हशीला सहसा कोणी म्हणत नाही. बुद्धीला तल्लख किंवा तीक्ष्ण म्हणावे, उत्तराला हजरजबाबी, बोलण्याला चटपटीत, चेहऱ्याला तरतरीत. ज्याला काम संपविण्याची घाई असते पण ते कसे संपते याची पर्वा नसते, तो उतावळा. ज्याची घाई दुसऱ्यांनाही अडचणीत घालते, तो धांदरट. आणि ज्याच्या खोड्या मागाहून आठवून हसू येते, तो अवखळ. मराठीची खरी श्रीमंती मात्र क्रियाविशेषणांत आहे. खार सुरकन चढते, सरडा तुरुतुरु पळतो, मासा सुळकन निसटतो, बेडूक टुणकन उडतो, मांजर झपकन झेप घालते, सुगरण लगबगीने वावरते. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याजवळ किंवा कडबनवाडीच्या माळावर ज्यांच्या शाळा आहेत, त्यांनी चिंकारा पाहिलेला असतो. तो दचकून सुसाट निघतो, थोडे अंतर गेल्यावर थबकतो आणि मान वळवून मागे पाहतो. यातले थबकणे आणि वळून पाहणे हीही चपळाईचीच अंगे आहेत. ती सांगणारे शब्द मुलांकडून काढून घ्यावेत.

वेग आणि चपळाई यांतला भेद खो-खोइतका स्पष्ट दुसरा कोणताही खेळ शिकवीत नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली या खेळाचे नियम बांधले, आणि २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा होऊन भारताचे दोन्ही संघ विजयी झाले. पारंपरिक नियमात पाठलाग करणाऱ्याला घेतलेली दिशा सोडता येत नाही आणि मधली पट्टी ओलांडता येत नाही; पळणाऱ्याला मात्र कोठेही वळण्याची मोकळीक. म्हणजे नुसत्या वेगाने पाठलाग फळत नाही. खरी कसोटी लागते ती खो देण्यात आणि घेण्यात. पाटीवर आठ जण आलटून-पालटून विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेले असतात. पाठीवर हात पडून 'खो' ऐकू येईपर्यंत हलावयाचे नाही, आणि ऐकू येताच क्षणही दवडावयाचा नाही. आधी उठला तर चूक, उशिरा उठला तर गडी निसटला.

क्रीडाशास्त्रज्ञांची व्याख्याही येथेच येऊन ठेपते. शेपर्ड आणि यंग या ऑस्ट्रेलियातील अभ्यासकांनी २००६ मध्ये चपळाईची जी व्याख्या मांडली, तिच्यात सबंध शरीराने वेग किंवा दिशा झटकन बदलणे एवढे पुरेसे धरलेले नाही. तो बदल बाहेरून आलेल्या एखाद्या प्रेरणेला उत्तर म्हणून झाला पाहिजे, अशी अट आहे. ठरलेल्या खुंट्यांमधून वळणे घेत धावणे ही तयारी. समोरच्याने हूल दिली असता ती ओळखून वळणे ही चपळाई. त्यात डोळा आला, कान आला आणि निर्णयही आला. जाता जाता, 'फिट इंडिया'च्या शालेय चाचण्यांत ५ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी एका पायावर तोल सांभाळण्याची एक कसोटी आहे आणि तिचे नाव फ्लेमिंगोवरून ठेवलेले आहे. भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात हे पक्षी, म्हणजेच रोहित, प्रत्यक्ष उभे असतात. मुलांना ते आधी दाखवावेत आणि कसोटी मागाहून घ्यावी.

ही अट चपळ आणि चंचल यांमधली सीमारेषा आखून देते. चंचलाच्या हालचालीला बोलावणे लागत नाही. चपळाला बोलावणे लागते, पण ते आल्यावर वेळ लागत नाही. संस्कृत वैयाकरणांनीही 'चापल' असताना शब्दाची द्विरुक्ती होते असा नियम केला आहे, आणि काशिकेत त्याचे उदाहरण आहे ते साप दिसल्यावर घाबरून दोनदा ओरडण्याचे. उसाच्या फडाच्या कडेला 'साप, साप!' असे जे मूल ओरडते, ते त्या वेळी चंचल नसते. त्याच्या आधी ते कोणी पाहिलेला नसतो.

तेव्हा नोंद लिहिण्यापूर्वी शिक्षकाने एक गोष्ट पाहावी: मूल हलले, ते कशाने हलले? खिडकीत पाखरू आले म्हणून मान वळली असेल. दारावरून कळप गेला म्हणून कान टवकारले असतील. ज्या घरात मेंढी हरवणे म्हणजे पोटावर पाय येणे, त्या घरच्या मुलाचे कान तसे तयारच असतात. तेथे 'चंचल' हा एकच शब्द लिहिण्याऐवजी 'बाहेरचा आवाज चटकन टिपतो; हातातले काम पुन्हा धरण्यास मदत लागते' असे लिहिले, तर पुढच्या शिक्षकाला करावयाचे काम कळते. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून, बोललेले ऐकू येत नाही म्हणून, किंवा सकाळपासून पोटात काही नाही म्हणूनही मूल चुळबुळते. आणि काही थोड्या मुलांची अस्वस्थता अशी असते की तिला खेळात, गोष्टीत, जेवणात कोठेच विसावा नसतो. ती वैद्यकाची बाब होय. २०१३ पासून चालू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा असे मूल त्यांना दाखवावे. 'चंचल' लिहून वही मिटली, तर या तिन्ही प्रकारची मुले एकाच शब्दाखाली गाडली जातात आणि चष्म्याने सुटणारा प्रश्न वर्षानुवर्षे स्वभाव म्हणून चालत राहतो.

आषाढात पालखी पुढे गेली की दुसऱ्या दिवशी वर्गात रिंगणाशिवाय दुसरा विषय निघत नाही. त्या दिवशी चौथीच्या मुलांना काटेवाडीचे वर्णन लिहावयास सांगून पाहावे. बहुतेक मुले 'मेंढ्या धावल्या' असे लिहितील. ज्याच्या घरी कळप आहे, तो कदाचित 'बाबांनी मेंढ्या वळल्या' असे लिहील. ते वाक्य खोडू नये. लॅटिनने हाकण्यावरून चपळाईचा शब्द घडविला. मराठीत गुरे हाकण्याला, राखण्याला जे क्रियापद आहे तेच 'वळणे' आहे. गुरे वळतात, मेंढ्या वळतात. राखणाऱ्याच्या कामाला भाषेने चालवणे किंवा पळवणे असे नाव न देता वळवण्यावरून का दिले, हे त्या मुलाला फळ्यापाशी बोलावून विचारावे, आणि हात आडवा करून तो ते दाखवू लागला तर त्याला दाखवू द्यावे.